जाधव सर आणि कॉलेजातले बैल

बैलानं पाठ अशी उसळवली, की त्याच्यावर बसलेला पोरगा आधी हवेत गेला, हवेतच आडवा झाला आणि मग तोंडावर मातीत आदळला. बैल शिंगं रोखून त्याच्याकडे वळला. माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. शेजारी बसलेले जाधव सर मात्र उठून टीव्हीजवळ गेले, पडद्याच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पाण्याची पिंपं सावलीत ठेवलीत. बगितलं का? कुणीतरी डोकं लावलंय."

"सर, त्या मुलाचं काय झालं?"

"उठंल की. तरणाबांड हाय. खेळ काय केळकर, होत राहतो. व्यवस्था बगा."

आयर्लंडमधल्या मलिंगार गावात आमच्या शेजारच्या घरात डॉक्टर सचिन जाधव राहतो. इथल्या हॉस्पिटलात आहे, चाळिशीकडे झुकलाय, लग्न केलेलं नाही. जाधव सर त्याचे वडील. आयुष्यभर कऱ्हाडच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे संचालक होते. खो-खोचे, कबड्डीचे संघ घेऊन महाराष्ट्रभर हिंडले. संघ हरून आला तरी मुक्कामाला आंघोळीचं गरम पाणी मिळालं असेल तर सर खूश असत, आणि जिंकून आला तरी वरण पातळ होतं ही तक्रार वर्षभर पुरे. सामन्यांचे निकाल त्यांना फारसे आठवत नसत. कुठल्या गावानं मुलांना सतरंज्या स्वच्छ दिल्या, ते मात्र लख्ख आठवे.

२०२०च्या फेब्रुवारीत ते इथे आले, मुलाला लग्नाला तयार करायला. त्यांच्या पत्नी, विमलकाकू, आल्या नाहीत. त्यांची आई कऱ्हाडलाच त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली होती, तिला कुणाच्या भरवशावर सोडणार? सर म्हणाले, दोन महिन्यांत येतो. मार्चमध्ये विमानं बंद झाली.

सचिन हॉस्पिटलातून यायचा, थेट वरच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. बापाला आपल्यामुळे काही होऊ नये म्हणून. खाली सर एकटे. बाहेर दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. सचिननं त्यांना टीव्हीवर कुस्त्या लावून दिल्या होत्या. एका कुस्तीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, असं आपोआप पुढे जाता जाता एके दिवशी टीव्हीनं त्यांना बैल दाखवला.

रोडिओ म्हणजे उसळत्या घोड्याच्या नाहीतर बैलाच्या पाठीवर मांड टिकवायची, पळत्या वासराला दोरीच्या फासात धरायचं, पिंपांना वळसे घालत घोडा दौडवायचा. अमेरिकेत याच्या आंतरकॉलेज स्पर्धा असतात, वर त्यांची राष्ट्रीय स्पर्धा असते, हे मला सरांकडून कळलं. मी जवळच्या अ‍ॅथलोन गावातल्या एका कंपनीत शस्त्रक्रियेच्या उपकरणांची तपासणी करतो. तेव्हा घरूनच करत होतो. सर कुंपणापलीकडून हाक मारायचे आणि मी मीटिंग म्यूट करून बागेत जायचो.

"कॉलेजची पोरं हायत केळकर. आपल्यासारखीच. फकस्त खाली बैल."

बैलापेक्षा त्यांना वेड लागलं ते त्या यजमान गावाचं. दर जून महिन्यात आठवडाभर अख्खं गाव त्या पोरांचं होतं. भल्या सकाळी रस्त्यात मोठमोठे तवे मांडून गावकरी येईल त्याला पॅनकेक वाढतात. घोड्यांची मिरवणूक निघते. चिमुरड्यांना हेल्मेट घालून मेंढ्यांवर बसवतात आणि ती पडली की सगळं गाव टाळ्या वाजवतं. तिथल्या लोकांनी मागच्या वर्षांत फोनवर काढलेले हे हलते, अर्धवट व्हिडिओ सर शोधून शोधून बघायचे. एका व्हिडिओत फक्त दहा मिनिटं पॅनकेक उलटणारे हात होते. तो त्यांनी मला कितीदा दाखवला असेल देव जाणे.

दुपारी ते काकूंना फोन लावायचे. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. फोन स्पीकरवर, समोर टीव्ही. माझी बाग त्यांच्या खिडकीला लागून, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"अगं, धिरडी करतायत. रस्त्यात. तवा केवढा आसंल? आपल्या दारायेवढा."

"कशाची?"

"मैद्याची दिसत्यात."

"येवढ्या माणसांना? पीठ कोण कालवतं पहाटे उठून?"

"गावातली माणसंच. पुरुषबी हायत."

मग काकू म्हणाल्या, "पुरुष उठत्यात पहाटे?" सरांनी विषय बदलला.

त्या वर्षीची स्पर्धा जूनमध्ये होणार, ती थेट दाखवणार, म्हणून ते दिवस मोजत होते. एका सकाळी ते अनवाणीच कुंपणाशी आले. चेहरा असा, की मला वाटलं कुणीतरी गेलं.

"रद्द केली," ते म्हणाले.

काय रद्द केली ते कळायला मला वेळ लागला. मी म्हटलं, सर, सगळं जगच रद्द झालंय. ते म्हणाले, "जगाचं ऱ्हाऊ द्या. शेवटच्या वर्षाची पोरं हायत त्यात. त्यांनी काय करायचं?" त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं सचिननं मला मेसेज करून कळवलं आणि विचारलं, बाबांना नक्की कशाचं वाईट वाटलंय? मी लिहिलं, बैलांचं. काही दिवसांनी बातमी आली की शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा खेळू देणार. सर एवढे खुलले, जणू त्यांचाच एखादा फेल झालेला विद्यार्थी वरच्या वर्गात गेला.

जुलैत थोडी मोकळीक मिळाली तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं की आपल्या वसाहतीतही असा नाष्टा व्हायला हवा. घरांच्या मधल्या हिरवळीवर त्यांनी चुन्यानं चौकोन आखले, एका घराला एक. कॅम्पिंगची शेगडी माझी, तवा सचिनचा, शिट्टी त्यांची स्वतःची. ती त्यांनी कऱ्हाडहून आणली होती, का ते त्यांनाच ठाऊक. पहिली धिरडी तव्यालाच चिकटली. मग फोन कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधला आणि काकू व्हिडिओवरून कामाला लागल्या.

"अहो, तवा तापू द्या. घाई कशाची? माणसं कुटं पळून चाललीत?"

माणसं खरंच पळून जाऊ शकत नव्हती. प्रत्येक जण आपापल्या चौकोनात हातात ताटली घेऊन उभा. कोपऱ्यावरच्या घरातली नोरीन नावाची म्हातारी स्वतःची खुर्ची घेऊन आली होती. मध्येच पोलिसांची गाडी थांबली आणि एक तरुण गार्ड, म्हणजे इथला पोलीस, उतरून हा काय प्रकार आहे ते बघायला आला. सरांनी शिट्टी फुंकली, रिकाम्या चौकोनाकडे बोट केलं आणि म्हणाले, "स्टँड इन युवर बॉक्स, प्लीज." तो मुकाट्यानं उभा राहिला. धिरडं खाल्लं. म्हणाला, "ग्रँड."

सरांनी लगेच फोनला सांगितलं, "पोलीस ग्रँड म्हणाला."

"म्हंजे?"

"हिकडं म्हंजे, बरं हाय."

"येवढं करून नुसतं बरं?" काकू म्हणाल्या. मग पाऊस आला.

हिवाळा वाईट गेला. पुन्हा सगळं बंद. सरांची दोन तिकिटं रद्द झाली. नंतर २०२१च्या वसंतात एक तिकीट मिळालं, तेव्हा काकूच म्हणाल्या, हिकडं लई वाढलंय, तितंच थांबा. सर थांबले.

मे महिन्यात काकूंना ताप आला. आमच्या मलिंगारच्या वॉर्डात तेव्हा पेशंट कमी होत चालले होते, खाटा रिकाम्या होत होत्या. आणि सचिन हॉस्पिटलच्या जिन्यात बसून फोनवर कऱ्हाडात एक खाट शोधत होता. ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना त्यानं गाठलं. शेवटी मिळाली. आठवडाभरही लागली नाही; काकू गेल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा सर मागच्या बागेत उभे होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण ते आधी बोलले.

"नगरपालिकेची पोरं होती. तिला नेलं त्यांनी. प्लास्टिकचे कपडे घालून."

"हो सर. सचिन म्हणाला."

"मे महिन्याचं ऊन केळकर. सकाळपासनं तेवढंच करत आसणार. त्यास्नी कुणी पाणी दिलं आसंल का?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आमच्या घरचं कुणीच न्हवतं तितं," ते म्हणाले. "पाणी आमी द्याय पायजे होतं." बराच वेळ ते कुंपणाच्या फळीवरून हात फिरवत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी किती गावांना सतरंज्यांवरून, वरणावरून नावं ठेवली होती. त्या दिवशी त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत.

जूनमध्ये ती स्पर्धा झाली. सर बघतील असं मला वाटलं नव्हतं. पण सचिनची ड्यूटी होती, त्यानं मला विचारलं, दुपारी जरा बाबांजवळ बसशील का? मी गेलो तर टीव्ही सुरू होता. त्या गावातल्या नाष्ट्याचा ताजा व्हिडिओ लागला होता. तवे तेच, गर्दी विरळ, काही तोंडांना मास्क. सरांचा फोन बाजूला उपडा ठेवलेला होता. मी वाट बघत होतो की ते आता पिंपांबद्दल, मांडवाबद्दल, रांगेबद्दल काहीतरी म्हणतील. शेवटी मीच म्हटलं, "सर, या वर्षी खुर्च्या लांब लांब ठेवल्यात, बघा." ते "व्हय" म्हणाले. बस्स.

मग बैल आले. पहिलाच मुलगा दार उघडताच फेकला गेला आणि उठेना. लोक धावले, स्ट्रेचर आलं. गेल्या वर्षभरात सरांनी असे शेकडो पडलेले मुलगे पाहिले होते, आणि एकाचाही चेहरा धड पाहिला नव्हता. आता ते खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

"ह्याचे आईबाप आलेत का तितं?"

"माहीत नाही, सर."

"कुणी हाय का बगा. त्याच्या घरचं. स्ट्रेचरच्या मागनं कुणी चाललंय का."

मी पडद्याकडे पाहत होतो. स्ट्रेचरच्या मागून टोप्या घातलेली दोनचार माणसं चालली होती. त्यातला कोण कुणाचा, कसं कळणार? मी म्हटलं, "एक बाई दिसतायत, सर. आईच असणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना बाई दिसलेली नव्हती, हे त्यांना कळलं असावं. पण ते मागे टेकले आणि म्हणाले, "मग बरं झालं."

जुलैत ते परत गेले. सचिन म्हणत होता, आता तिकडे कुणासाठी जाता, इथेच राहा. सर म्हणाले, सासूबाई हायत. काकूंची सांगलीची भाची तेवढ्यापुरती येऊन राहिली होती, तिला तिचा संसार होता. डब्लिनच्या विमानतळावर मीच त्यांना सोडलं. बॅग ओढत ते आत गेले आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दिवाळीत मी कऱ्हाडला फोन केला. सरांनी मलिंगारच्या थंडीची चौकशी केली, नोरीनची केली. सासूबाईंचं सगळं तेच करतात म्हणाले. उठवणं, पुसणं, वेणी घालणं. वेणी अजून नीट जमत नाही. बोलता बोलता मागून एक बारीक, कापरा आवाज आला.

"विमल आली का?"

"न्हाई अजून," सर फोन बाजूला न घेताच म्हणाले. "पोरींच्या संघाबरोबर गेलीया."

मग मला हलक्या आवाजात म्हणाले, "पूर्वी जायची ती. बाई शिक्षिका मिळाली न्हाई की मुलींच्या संघाबरोबर हिलाच पाठवायचो. म्हातारीला ते ध्यानात हाय. मी एकदा खरं सांगितलं होतं केळकर. दिवसभर रडली. आन् दुसऱ्या दिवशी उठून पुन्ना विचारलं, विमल कुटाय. रोज रोज तिला तेच कसं ऐकवायचं?"

आवाज पुन्हा आला. "कवा संपायची तिची स्पर्धा?"

फोनमध्ये पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"लांबलीया ह्या वर्षी," सर म्हणाले. मग मला म्हणाले, "ठेवतो केळकर. भात निवतोय. तिला भरवायचं हाय."