दोन डिग्री खाली

आमच्या लालबागच्या चाळीत परबदादा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर निरखतात. मग शर्टाच्या खिशातून, जिथे चारचौघं पेन ठेवतात तिथून, कोन मोजायचं यंत्र काढून तिला लावतात. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी ते चक्क नवरदेवाच्या मानेला लावलं आणि म्हणाले, "दोन डिग्री खालीच राहू दे. लोड आला की आपोआप वर येते."

ही अक्कल जीपमधून आलेली. दादा रिटायर्ड फिटर. कुठूनतरी एक म्हातारी जीप आणली आणि चाळीच्या चौकात ती वीतभर उंच केली. लालबागमध्ये कुठला डोंगर चढायचाय, असं विचारलं तर पाना मागायचे. उंच केल्यावर ती पळताना थरथरायला लागली. का, ते मला त्यांनी सतरा वेळा समजावलंय. गाडी वर गेली, मागच्या चाकांना जोडणारा एक्सल खालीच राहिला, म्हणून इंजिनाचा जोर मागे नेणारा शाफ्ट तिरका झाला. आता एक्सलचं नाक, म्हणजे पिनियन, शाफ्टच्या रोखानं वर करायचं. पण पुरतं नाही. दोन डिग्री कमी, कारण जोर लागला की ते स्वतःच वर उठतं. त्यासाठी स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी पाचर घालायची, गाडी चालवून बघायची, पाचर काढायची, घासायची, परत घालायची. सात महिने हा माणूस जीपखाली आडवा. चाळीतल्या पोरांना त्यांचे फक्त पाय ओळखीचे.

मी चाळीचा सेक्रेटरी, त्यामुळे चौक अडल्याची बोंब माझ्याच कानाशी. रविवारपर्यंत जीप हलवा, नाहीतर भंगारात देऊ, अशी कमिटीची नोटीस घेऊन मीच गेलो. दादांनी ती वाचलीसुद्धा नाही. पाचर घासत म्हणाले, "भंगारवाल्याला सांगा, गाडीच्या आधी मला उचल."

रविवारी सकाळी बघतो तर जीप सुरू, आणि पुढच्या सीटवर परबवहिनी. कमरेला पट्टा, पाठीशी उशी. मी तावातावानं बनियनवरच मागे चढलो आणि फिरवून परत चौकातच लावणार ना, म्हणून भांडत राहिलो. दादा वडाळ्याच्या दिशेनं निघाले. पुलाच्या चढावर त्यांनी जोर दिला. रस्त्याकडे कमी आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांची नव्वदीची आई कोकणात एकटी, घर कातळावर, तिथे साध्या गाडीचं पोट घासतं. उंच गाडीशिवाय पोचता येत नाही आणि थरथरणारी गाडी वहिनींना सोसत नाही. तीस वर्षं शेजारी राहून, गाडी कुणासाठी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली मला.

पूल संपला. जीप थरथरली नव्हती. वहिनींनी मिटलेले डोळे उघडले आणि हळूच म्हणाल्या, "आता मागे फिरवू नकात. तशेच गावाक चला."

दादांनी गाडी कडेला घेतली. कमिटीपुढे कधी न वाकलेली ती मान स्टेअरिंगवर टेकली. बराच वेळ वर आली नाही. मग मला म्हणाले, उतरा.

मी बनियनवरच टॅक्सीनं परत आलो. चौकातल्या मोकळ्या जागेत एकजण लगेच स्कूटर लावत होता. त्याला हाकलून मी घरातल्या दोन बादल्या पाण्यानं भरून तिथे मांडल्या. कमिटी जमली. मी सांगितलं, जीप परत येईपर्यंत बादल्या इथेच राहतील, आणि हलवायच्या असतील तर आधी मला उचला.