आमसुलाचं लीकेज

"हो गं, आईंना गावालाच सोडून येतोय. आता त्यांना इथं ठेवायचं म्हणजे…"

आणि लिफ्टचं दार लागलं.

चंपा परब कोथिंबिरीची जुडी हातात धरून तळमजल्यावर तशीच उभी राहिली. उरलेलं वाक्य तिच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या मजल्यावर निघून गेलं. फोनवर बोलणारी होती माधुरी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणी तावडेची सून. चंपा राहायची त्यांच्या थेट खाली, दुसऱ्यावर. तिनं जिन्यानं पाठलाग करून पाहिला, पण गुडघ्यांना ही कल्पना पहिल्या मजल्यावरच नापसंत पडली. ती पोचली तेव्हा तावड्यांचं दार बंद होतं. (दाराला कान लावणं चंपाच्या स्वभावात नव्हतं. ती फक्त दाराशी दम खात उभी राहिली, आणि या वयात दम खायला दहा मिनिटं लागतात.) आतून मिक्सरचा आवाज तेवढा आला.

मग अर्धं वाक्य तिनं स्वतःच पूर्ण केलं. संध्याकाळपर्यंत त्याचे तीन-चार प्रकार तयार झाले, एकापेक्षा एक वाईट. नाहूरच्या या सोसायटीत सव्वीस वर्षं तिची दुपार रुक्मिणीबरोबर जात होती. भाजी एकत्र निवडायची, कुणाचं काय चाललंय तेही एकत्र निवडायचं. आणि आता मुलगा-सून तिला उचलून गावाला टाकणार. चंपानं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. (इस्त्रीवाला, दूधवाली आणि पहिल्या मजल्यावरची तेजल सोडून. त्यांना सांगणं म्हणजे काही सांगणं नव्हे.)

शनिवारी सकाळी कंपाउंडात ती गाडी आली तेव्हा चंपाची खात्रीच पटली. मिनीबसएवढी पांढरी कॅराव्हॅन. आत पलंग, शेगडी, सिंक आणि खरोखरचा संडास. मानखुर्दहून ती घेऊन आलेला ड्रायव्हर भीमराज कमी बोलायचा आणि टायरला हात लावल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

आता संडासवाली गाडीच का, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी रेल्वेनं गावाहून येताना रुक्मिणी संडासात गेली आणि कडी अडकली. चिपळूणला आत गेलेली बाई पनवेलला बाहेर आली. त्या दिवसापासून तिनं रेल्वेचं नाव सोडलं. एसटीत दर तासाला उतरणं तिच्या शुगरला आणि गुडघ्यांना जमेना. गावी ऐंशी वर्षांची मोठी बहीण, आक्का, दर फोनवर विचारायची, मी असताना येशील ना गो? म्हणून मुलानं, राजेशनं, चार दिवसांसाठी ही गाडी भाड्यानं ठरवली होती.

रुक्मिणी तर आठ वाजताच गाडीत चढून बसली होती. केसांत अबोलीचा वळेसर, मांडीवर पिशवी, आणि निघायचं होतं अकराला.

तिला एकटीला गाठून विचारायचं, असं चंपानं ठरवलं. विचारायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं प्रवासासाठी आमसुलाचं सार केलं आणि भलं मोठं पातेलं घेऊन गाडीत चढली. पण रुक्मिणी तिला विचारूच देईना. पलंगावर बसवून आक्काबद्दल सांगत सुटली. आक्काला आता नीट दिसत नाही, पण पाऊल वाजलं की ओळखते म्हणे. चंपाला पुढचं ऐकवेना. विषय बदलायला तिनं सार चाखलं आणि तोंड वाकडं झालं, कारण विचारांच्या नादात तिनं मीठ दोनदा घातलं होतं.

असलं सार घेऊन बाई आठ वर्षांनी माहेरी जाणार? रुक्मिणी पिशवी आवरण्यात गुंतली आहे हे पाहून चंपानं पातेलं सिंकमध्ये उपडं केलं, आमसुलांसकट. वर तांब्याभर पाणी ओतलं, तळाशी चिकटलेलं बोटानं भोकात सारलं, आणि खाली उतरली. तिच्या मते विषय संपला होता.

विषय साडेनऊला गाडीखालून बाहेर आला. टप, टप, टप.

भीमराज आडवा होऊन खाली सरकला आणि थोड्या वेळानं बाहेर आला.

"सांडपाण्याची टाकी गळतेय. अशी गाडी मी हायवेला नेणार नाही, साहेब."

राजेशचा चेहरा उतरला. टाकी फुटली असेल तर गाडी मानखुर्दला परत जाणार होती आणि दुसरी मिळणार नव्हती. माधुरीनं सासूला खाली यायला सांगितलं. रुक्मिणीनं खिडकीतून एवढंच कळवलं की ती उतरणार नाही, गाडी मानखुर्दला गेली तर तीही मानखुर्दला जाईल.

चंपाला मात्र (हे तिनं पुढे स्वतःच कबूल केलं) आतून गारगार वाटलं. गाडी नाही तर गाव नाही. गाव नाही तर सोडून येणं नाही. रुक्मिणी वाचली.

एवढ्यात सेक्रेटरी चंद्रप्रकाश शेट्ये आले. लीकेज हा त्यांचा जीव की प्राण. बिल्डिंगमधल्या प्रत्येक ओलीचा इतिहास त्यांना पाठ होता. पाणी दिसतं तिथं लीकेज कधीच नसतं, ते नेहमी वरच्या मजल्यावरून येतं, असं त्यांनी सांगितलं. या गाडीला वरचा मजला नाही, हे राजेशनं लक्षात आणून दिल्यावर ते थोडे नाराज झाले. मग त्यांनी गच्चीची टेस्ट सुचवली. पाणी काठोकाठ भरायचं, थांबायचं आणि बघायचं. भीमराज नको म्हणेपर्यंत सोसायटीचा पाइप खिडकीतून सिंकमध्ये गेलासुद्धा. टाकी तुडुंब भरली, थेंब दुप्पट वेगानं पडू लागले, आणि शेट्ये खूश झाले. त्यांनी निदान केलं की अख्खी टाकी गेली, आता व्हाइट सिमेंट.

"सिमेंट राहू द्या," भीमराज म्हणाला. "मला जुना पेपर द्या."

त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं खालचं सगळं कोरडं पुसलं. मग पेपरच्या पट्ट्या फाडून तीन ठिकाणी बांधल्या. एक टाकीच्या कोपऱ्याला, एक पाइपच्या जोडाला, एक पाणी सोडायच्या व्हॉल्व्हच्या तोंडाला. पाणी कुठूनही ओघळत येतं, म्हणून आधी कोण भिजतं ते बघायचं, असं तो म्हणाला. सगळे वाकून बघत राहिले. कोपरा कोरडा. जोड कोरडा. व्हॉल्व्हची पट्टी भिजली, आणि भिजली ती गुलाबी.

"गंज आहे," शेट्ये म्हणाले.

भीमराजनं पट्टीचा वास घेतला. गंज आंबट नसतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

मग त्यानं राजेशला समजावलं. टाकी शाबूत होती. व्हॉल्व्हमधली सरकती झडप पूर्ण बसत नव्हती, एवढंच. रबर फाटलं असेल तर इलाज नाही, ते सोमवारशिवाय मिळणार नाही. आत काही अडकलं असेल तर अर्ध्या तासाचं काम. पण भाड्याच्या गाडीचा व्हॉल्व्ह तो उगाच अंदाजानं खोलणार नव्हता.

"सिंकमध्ये कुणी काही टाकलंय का? नक्की सांगा."

राजेश नाही म्हणाला. माधुरी नाही म्हणाली. शेट्ये म्हणाले, पाण्याशिवाय काही नाही.

चंपा गप्प. आणखी दोन मिनिटं गप्प राहिली तर रुक्मिणी कायमची इथंच. आयुष्यात पहिल्यांदा तिला गप्प राहण्यात काही फायदा दिसत होता. तिनं वर पाहिलं. रुक्मिणी खिडकीत होती. वळेसर काढून तिनं तो पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन लावली.

"सार," चंपा म्हणाली.

"काय?"

"आमसुलाचं सार. खारट झालं म्हणून मीच ओतलं. आमसुलं पण. सात-आठ असतील."

भीमराजनं तिच्याकडे बघितलं, जसं तो टायरकडे बघायचा.

"मावशी, हेच साडेनऊला सांगायचं ना."

पुढचं काम सोपं होतं, फक्त शेट्येंनी टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. गटारापर्यंत जाडा पाइप लावून ती रिकामी करावी लागली, आणि पाइपच्या तोंडाशी घाण पकडायला बादली धरून कोण बसलं हे वेगळं सांगायला नको. शेवटी भीमराजनं चार नट काढले, झडप बाहेर ओढली, आणि तिच्या खाचेतून एक आमसूल चिमटीत धरून वर केलं. पार चपटं झालं होतं. त्यानं खाच पुसली, ग्रीस लावलं, नट आवळले, टाकीत पुन्हा पाणी सोडलं आणि नवी पेपरची पट्टी बांधली. पंधरा मिनिटं झाली तरी पट्टी कोरडीच. चंपानं खाली वाकून स्वतः बोट लावून पाहिलं. आता वाकण्याची लाज उरली नव्हती.

रुक्मिणीनं पिशवीतून वळेसर काढून पुन्हा माळला. तिनं खिडकीतून चंपाचा हात धरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "सार खरंच एवढं खारट होतं?"

चंपाला राहवेना. सगळं होऊन गेलंच होतं, तेव्हा तिनं राजेशला सगळ्यांसमोर विचारून टाकलं.

"खरं सांग रे. आईला तिकडेच सोडून येणार ना तू?"

"हो," राजेश म्हणाला.

चंपानं हातातली बादली खाली ठेवली. म्हणजे ऐकलेलं खरं होतं.

"वीस दिवस," राजेश पुढे म्हणाला. "आम्ही चार दिवसांनी परत येऊ. आईला मग मी पुन्हा अशीच गाडी नेऊन घेऊन येईन. बाथरूम पूर्ण फोडायचंय, त्या धुळीत तिला कुठं ठेवू?"

"बाथरूम? चांगलं तर आहे तुमचं. फोडायचं कशाला?"

राजेशनं शेट्येंकडे पाहिलं. शेट्येंनी घसा साफ केला.

"परबबाई, दिवाळीत तुम्हीच अर्ज दिलाय. वरच्या मजल्यावरून तुमच्या छताला ओल येते म्हणून. चार स्मरणपत्रंही दिलीत. शेवटच्यावर 'कडक कारवाई' असं लाल शाईनं लिहिलंय."

गाडी सुरू झाली. रुक्मिणी फाटकापर्यंत हात हलवत राहिली. ती दिसेनाशी झाली, तशी शेट्येंनी खिशातून तावड्यांच्या घराची किल्ली काढून चंपाच्या ओल्या हातावर ठेवली. सोमवारी नऊला माणसं येतील, ठोकाठोकी तुमच्या डोक्यावरच होणार, तेव्हा तुम्ही घरीच असाल, दार उघडून द्या, असा राजेशचा निरोप होता. आणि एवढं लक्ष ठेवणारं सोसायटीत दुसरं कोण आहे, असंही त्यानं कळवलं होतं.