सलीमभाईंची फरदड

सलीमभाई गाणं बोटांनी ऐकत. कॉम्प्युटरवर गाणं सुरू झालं की त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागत. मग हवेतलं काहीतरी हळूच ओढून पाहत आणि निकाल देत, "धागा लांब हाय. पन ओल हाय थोडी."

अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं आणि माझं घर एका भिंतीचं. ते तीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाची चिमूट ओढून दर्जा सांगायचा, हे काम. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडली, मशिनी भंगारात गेल्या. भाभी आधीच वारलेल्या, मुलगी अंजनगावला दिलेली. बोटं मात्र रिकामी बसेनात. तेव्हा त्यांनी कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर घेतला आणि गाणी जमवायला लागले.

लोक गाणी गायकाप्रमाणे लावतात. भाईंचे फोल्डर असे: 'लांब धागा', 'मध्यम', 'कवडी' म्हणजे किडका माल, आणि सगळ्यात खाली 'फरदड'. हंगाम सरल्यावर कपाशीच्या पऱ्हाटीवर जो उतरता कापूस येतो, ती फरदड. बाजारात तिला कोणी विचारत नाही.

माझं सगळ्यात आवडतं गाणं त्यांनी कवडीत टाकलं होतं.

"भाई, हे तं सगळ्याईले आवडते."

"आवडते तं आयक ना. म्या काई अडवलं तुले? दर्जा तेवढा सांगतला."

मी शाळामास्तर, म्हणून कॉम्प्युटर शिकवायचं काम माझ्याकडे. कॉपी-पेस्ट ते दोन दिवसांत शिकले. डिलीट शिकवायला गेलो तर हात मागे घेतला. "ते नोको. ग्रेडरनं दर्जा लावावा, माल फेकू नाई." त्यामुळे दोन सेकंदांत बंद पडणाऱ्या फाइलीही कवडीत सुखाने नांदत होत्या.

भारनियमनात दुपारभर वीज नसे. तरी ते काळ्या पडद्यासमोर बसलेले असत. "काय करून राहिले भाई?" विचारलं तर म्हणत, "कालचं गानं वाळू घातलं."

पुढे टेपरेकॉर्डरला वायर जोडून त्यांनी जुन्या कॅसेटीही कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या. काम झाल्यावर फिती काढून बाळापूरच्या मेहुण्याला दिल्या. त्याने त्या ज्वारीवर बांधल्या, पाखरं हाकलायला.

मग एका रविवारी डिस्क भरली. "जागा करून दे रे प्रकाश," म्हणून भाई चहा ठेवायला आत गेले. मी 'फरदड' उघडलं. एक फाइल लावली तर नुसती घरघर, तिच्यात एक गाणं बुडालेलं, वरून कोणीतरी बेसूर गातोय. दुसरी तशीच. तिसरी लावलीच नाही. सगळा फोल्डर उडवला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि चहा पिऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी भाई दारात. "फरदड कुठी गेली रे?"

"व्हायरस असन, भाई." शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिणारा मी, एवढं सहज बोलून गेलो.

"नामदेव व्हता त्याच्यात," भाई म्हणाले. जिनिंगमधला त्यांचा जोडीदार. जेवणाच्या सुट्टीत दोघं रेडिओवरची गाणी टेपवर भरत. घरघर मशिनींची होती, बेसूर गाणारा नामदेव. तो मागल्या साली गेला. "फरदड कोनी इकत नाई रे. घरच्या गादीले ठेवतात."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आईने भरलेल्या फरदडीच्या गादीवरच मी लहानाचा मोठा झालो.

त्यानंतर चार वर्षं मी एकही रविवार चुकवला नाही. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. तोंड उघडायचो आणि म्हणायचो, "भाई, चहा?"

अमरावतीला बदली झाली, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी सांगून टाकलं. "भाई, तो व्हायरस नव्हता. मी उडवलं ते."

गाणं चालू होतं. बोटं थांबली नाहीत. "माईत हाय."

"कवापासून?"

"त्याच दिशीपासून. ह्या घरात डिलीट कोनाले येते, मले का?"

"मंग बोलले काहून नाई?"

त्यांनी गाणं बंद केलं. "बोललो असतो तं तू एक डाव माफी मागून मोकया झाला असता. मंग रविवारी कोन आलं असतं?"

मग त्यांनी पडद्यावर सगळ्यात खाली बाण नेला. 'फरदड' नावाचा फोल्डर पुन्हा होता. त्यातली एक फाइल लावली. त्याच खोलीत टेपवर भरलेली. एक गाणं, पंख्याची घरघर, आणि अंतऱ्याला भाई स्वतः नामदेवसारखं बेसूर गात होते. मधेच कोणीतरी विचारलं, "भाई, चहा?"

आवाज माझा होता. खाली अशा खूप फाइली होत्या, सगळ्या रविवारच्या.