गेनूबाची जीप आणि चौथा रकाना

एका जंगलात एक सडक होती. वरच्या पठारावरून ती निघायची आणि करवंदीच्या जाळ्यांमधून वळसे घेत, मध्ये एक चढ चढून, खाली नदीपर्यंत यायची. नदीकाठी दवाखाना होता. पठारावर नव्हता. असं का, ते मला विचारू नका, मी जंगल वसवलेलं नाही. पुढे बसलेल्यांनी चुळबुळ करू नका आणि मागच्यांनी शेंगा खाणं थांबवा, म्हणजे मला नीट सांगता येईल.

तर या सडकेवर एक जीप चालायची. पेट्रोलची, जुनी. पठारावर कुणाचा पाय मोडला, कुणाच्या घशात हाड अडकलं, कुणाचे दिवस भरले, की जीप त्याला घेऊन दवाखान्यात यायची. ती चालवायचा गेनूबा रानडुक्कर. पोट स्टिअरिंगला टेकलेलं आणि एक सुळा जरासा तुटका.

जीप कशी होती म्हणता? खरं सांगू, नुसता वैताग होती. सुरू होताना खोकायची. धूर असा सोडायची, की मागून येणारा ससा घरी पोचला की त्याची आई त्याला आत घेत नसे. चढावर तिला पहिल्या गिअरमध्ये टाकून गेनूबा गोड बोलायचा. "चल बाई, तेवढं वळण घे, मग तुला गार पाणी पाजतो." आणि ती वळण घ्यायची.

आता गेनूबाचंही सांगतो. त्याला शिंगं नव्हती. गोड गळा नव्हता. राजाशी लांबचंसुद्धा नातं नव्हतं. पण तो त्या सीटवर बसला, की सडकेवरचे दांडगे गवेदेखील बाजूला होऊन म्हणायचे, "रामराम, ड्रायव्हरसाहेब." डुकराला साहेब म्हणतील अशी अख्ख्या जंगलात ती एकच जागा होती. ती जागा गेली असती, तर गेनूबा पुन्हा नुसता डुक्कर झाला असता. त्याला तेवढीच एक भीती होती.

एकदा काय झालं, वाघमहाराज सडकेच्या कडेला दुपारचे लवंडले होते. जीप शेजारून गेली. महाराज उठले ते काळेकुट्ट. गुहेत गेले, तर महाराणींनी त्यांना अस्वल समजून हाकलून दिलं. झालं, दरबार भरला.

"ही जीप बदला," महाराज म्हणाले. "नव्या जमान्याची गाडी आणा."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण जंगल सुधारलेलं होतं, त्यामुळे समिती नेमली गेली.

समितीचे अध्यक्ष होते माळढोकपंत. मान लांब, चाल सावकाश, बोलणं त्याहून सावकाश. पंत आयुष्यात कधी गाडीत बसले नव्हते, म्हणून ते निःपक्षपाती आहेत असं सर्वानुमते ठरलं. लिहिण्याचं काम शेकरूबाईंकडे आलं. शेकरूबाईंनी सागाच्या मोठ्या पानावर तीन रकाने आखले. पहिला पेट्रोलचा, दुसरा विजेचा, तिसरा हायड्रोजनचा.

गेनूबा घरी आला तो तोंड पाडून.

"वच्छे, आता माझं काय होणार गं?"

"काय व्हायचंय?" वच्छीबाई म्हणाली. ती कंद सोलत होती. "गाडी बदलणार. ड्रायव्हर कशाला बदलतील?"

"नवी गाडी म्हटल्यावर नवा कुणी तरी आणतील. जुन्याचं कोण ऐकतो?"

"मग तुम्ही नवी गाडी शिकून घ्या. रडायला काय झालं? कंद खा आधी."

वच्छीबाई ही अशी होती. गेनूबाने कंद खाल्ला आणि त्याला थोडं बरं वाटलं.

विजेची गाडी घेऊन आला काजवा. आला म्हणजे किती ऐटीत. बोलताना मध्येच लुकलुकायचा.

"हिला आवाज नाही. धूर नाही. तेलपाणी नाही. सॉकेटला लावा आणि निवांत बसा."

"सॉकेटात वीज कुठून येते?" गेनूबाने विचारलं.

"डोंगरापलीकडून. तिकडे कोळसा जाळून करतात."

"म्हणजे धूर होतोच की."

"होतो. पण तिकडे," काजवा म्हणाला.

माळढोकपंतांनी मान हलवली. ती पूर्ण हलायला बराच वेळ लागला. "तिकडे म्हणजे इकडे नाही. लिहा शेकरूबाई, धूर नाही."

डोंगरापलीकडे माकडं खोकत होती. पण ती परकी माकडं होती.

मग खंड्या हायड्रोजनची गाडी घेऊन आला. गाडी त्याच्यासारखीच निळीशार. खंड्याने ती सुरू केली आणि सगळ्यांना मागे बोलावलं.

"बघा. हिच्या नळीतून धूर येत नाही. पाणी येतं."

खरंच की. नळीतून थेंब थेंब स्वच्छ पाणी पडत होतं. पंत पुढे आले, पंखाची ओंजळ केली, तीर्थ घेतात तसं ते पाणी घेतलं आणि उरलेलं डोक्याला लावलं. मग काय, रांगच लागली. एका साळिंदराच्या म्हातारीने तर बाटली भरून नेली, सून नांदत नाही म्हणून. गाडी चालते कशी, हे त्या दिवशी कुणीच बघितलं नाही.

गेनूबा रांगेत नव्हता. तो खंड्याला म्हणाला, "हायड्रोजन भरायचा कुठे?"

"पंप होणार आहे. तीन डोंगर ओलांडून."

"कधी?"

"भूमिपूजन झालंय," खंड्या म्हणाला. "दोनदा झालंय."

गेनूबाने बायकोचं ऐकलं. महिनाभर दोन्ही नव्या गाड्या शिकला. त्याला वाटलं होतं, आपल्याला त्या अजिबात आवडणार नाहीत. पण विजेची गाडी घेऊन तो चढावर गेला आणि ती वर गेलीसुद्धा. ना खोकला, ना गोड बोलणं. महिन्याभरात गेनूबाचा स्वतःचाही खोकला थांबला. त्याला जुन्या जीपकडे बघायची लाज वाटू लागली. घरी जाताना त्याने तिच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुझं वय झालं गं."

दुसऱ्या दिवशी तो समितीपुढे उभा राहिला.

"पंत, विजेची घ्या. आपली सडक तीन कोसांची, तिला ती भरपूर झाली. एक सॉकेट पठारावर बसवा, एक दवाखान्यात. पावसात वीज गेली तर हाताशी असावी म्हणून जीप नीट दुरुस्त करून ठेवा. हायड्रोजनचा पंप झाला की मग तिचं बघू. फक्त चाक माझ्या हातात राहू द्या. दुसरं काही मागत नाही."

हे सगळं सांगायला त्याला एक जांभूळ खाण्याइतका वेळ लागला. शेकरूबाई तेव्हा जांभूळच खात होत्या, म्हणून मला माहीत.

पंत हसले. "गेनूबा, तुम्ही चालक आहात. तज्ज्ञ नाही."

"पण तिन्ही गाड्या मीच चालवल्यात."

"तेच म्हणतोय मी. तुमचं मत अनुभवाने बिघडलेलं आहे."

गेनूबा घरी गेला.

समितीचं काम दोन वर्षं चाललं. कोणती गाडी नदीत पडली तर जास्त तरंगते, ते बघितलं. कोणत्या गाडीवर हत्ती बसला तर काय होईल, त्यासाठी हत्तीला तीनदा बोलावलं. तो तिन्ही वेळा आला नाही. शेकरूबाईंना सागाची पानं पुरेनात.

तोवर गाड्यांचं काय झालं? विजेची गाडी नमुना म्हणून राजाच्या गुहेपाशी ठेवली होती, कारण जंगलातलं एकुलतं एक सॉकेट तिथे होतं. दोघे राजपुत्र दिवसभर तिच्यात बसून गार हवा खायचे आणि गाणी लावायचे. हायड्रोजनची गाडी वडाखाली उभी होती. तिच्या चाकांखाली लिंबं आणि गळ्यात हार. टाकी कधीच रिकामी झाली होती, तरी नळीखाली लोक तांबे ठेवून जात.

आणि जीप? तिचा फॅनबेल्ट तुटला. इंजिन गार ठेवणारा साधा रबरी पट्टा हो. गेनूबाने नवा मागितला. उत्तर आलं, "गाडी बदलायचीच आहे, मग पट्टा कशाला?" तेव्हापासून तो बेल्टच्या जागी गुळवेल बांधायचा. वेल दोन दिवस टिकायची, कधी तीन.

असंच एकदा भर दुपारी पठारावरून निरोप आला. सुंद्री भेकरीण पहिलटकरीण. पहाटेपासून अडली होती. वच्छीबाई धावत गेली, बघून आली आणि म्हणाली, "हिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता. नाही तर तीही जाईल आणि पोटातलंही."

गेनूबाने जीप आणली, सुंद्रीला मागच्या सीटवर निजवलं, किल्ली फिरवली. वेल तुटली. इंजिन उकळलं आणि बसलं ते बसलंच. गोड बोलून झालं, शिव्या देऊन झाल्या.

तो राजाच्या गुहेकडे पळाला. विजेची गाडी थंड पडली होती. "चार्जिंग संपलं," धाकटा राजपुत्र जांभई देत म्हणाला. "आत्ताच गाणं बंद पडलं."

तो वडाकडे पळाला. पंत निळ्या गाडीचे आरसे मोजत होते.

"पंत, एक बाई अडलीय. काही तरी करा."

"रीतसर अर्ज द्या. आज गुरुवार, आज फक्त आरसे."

गेनूबाला रडू आलं. इतका मोठा डुक्कर, पण खरंच रडू आलं. तसाच तो रडत पठारावर परत आला, जीपच्या पुढे दोर बांधला आणि तो छातीवरून घेतला.

"वच्छे, चाकावर बस."

"मी? मला येतं का ते?"

"मी ओढतो. तू फक्त सडक सोडू नकोस."

आणि निघाली की हो जीप. उतारावर ती अंगावर यायची, तेव्हा गेनूबा पाठ लावून तिला अडवायचा. चढावर दोर छातीत रुतायचा. वच्छीबाई चाक धरून कधी नवऱ्याला, कधी जीपला, कधी पंतांच्या सात पिढ्यांना बोलत होती. मागे सुंद्री कण्हायची. ती गप्प झाली, की गेनूबा जास्त घाबरायचा आणि जास्त जोराने ओढायचा. दिवस मावळायच्या आत ते दवाखान्यात पोचले.

सुंद्रीला जुळी झाली. दोन्ही धडधाकट, आईही धडधाकट. गेनूबा नदीकाठच्या चिखलात आडवा पडला होता. बातमी ऐकून तो पुन्हा रडला, पण हे रडणं वेगळं होतं. त्याला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील.

डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी समिती त्याच्या दारात आली. शेकरूबाईंनी सागाचं पान पसरलं आणि हायड्रोजनच्या शेजारी एक नवा रकाना आखला. चौथा.

"परवा निघण्याआधी काय खाल्लं होतं?" पंतांनी विचारलं.

"एक सुरण."

"एका सुरणात तीन कोस. लिहा. धूर?"

"मला कुठला धूर?"

"धूर नाही. आवाज?"

"हे कण्हत होते की," वच्छीबाई म्हणाली.

"आवाज मंद. बरं, चार्जिंगला काय करता?"

"झोपतो."

"कुठे?"

"मिळेल तिथे."

पंतांचे डोळे भरून आले. "सॉकेट नको. पंप नको. आणि हे आपल्याच जंगलात होतं. दोन वर्षं आपण उगाच बाहेर शोधत राहिलो."

अहवाल त्याच आठवड्यात दरबारात गेला आणि महाराजांनी न वाचता मंजूर केला. टाळ्या पडल्या. विजेची गाडी राजपुत्रांकडेच राहिली. निळ्या गाडीभोवती छोटंसं देऊळ बांधलं. जीपचं इंजिन काढून टाकलं, ओढायला जड नको म्हणून.

गेनूबाला हे सगळं ऐकून धड हसावं की रडावं कळेना. पण तो वच्छीबाईला म्हणाला, "जाऊ दे. इंजिन गेलं तर गेलं. गाडी आपली, सडक आपली, नोकरी आपली. रिकाम्या गाडीला ओढेन, उतारावर बसेन. काही तरी जमवू."

पहिल्या दिवशी तो आंघोळ करून सकाळी सकाळी आला. जीपचं उजवं दार उघडलं. सीटवर एक तरणा माळढोक बसला होता. पंतांचा भाचा. तो आरशात बघून मानेची पिसं नीट करत होता.

"तुम्ही कोण?" गेनूबाने विचारलं.

"ड्रायव्हर," भाचा म्हणाला.

"मग मी कोण?"

शेकरूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी सागाचं पान दोनदा खालीवर तपासलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गेनूबा, चालकांच्या यादीत तुमचं नाव नाही हो. ते वाहनांच्या यादीत गेलं. आणि नियमाप्रमाणे वाहनाला एक ड्रायव्हर द्यावा लागतो."

गेनूबा त्या सीटकडे बघत राहिला. भाच्याने हॉर्न वाजवला. हॉर्न तेवढा अजून चालू होता. पठारावर एका म्हाताऱ्या चितळाचा पाय मोडला होता आणि तो सकाळपासून वाट बघत होता. गेनूबाने दार हलकेच लावलं, पुढे गेला आणि दोर छातीवर घेतला.

तात्पर्य : मुलांनो, दुसऱ्याच्या अडचणीत कुणाची गाडी ओढू नये. ओढलीच, तर ती वेळेवर पोचू देऊ नये. आणि पेट्रोलची, विजेची की हायड्रोजनची, यांतली कोणती चांगली असं कुणी विचारलंच, तर सांगावं, जिला ओढायला दुसरा कुणी मिळतो, ती.