मणक्याचं हँडल

लोकांना बनवण्यात आमच्या सानपाडा गावात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण बाकीचे कबूल करत नाहीत. देवळामागच्या बोरिंगला गरम पाणी लागलंय, अशी पुडी सोडून मी एकदा अर्धी आळी टॉवेल घेऊन उभी केली होती. माणसाचा चेहरा बघून मला कळतं, ह्याला किती खपेल. त्यामुळे सांगतोय ते नीट ऐका. असा माणूस आज स्वतःच्या दारात, स्वतःच्या मोटारसायकलसमोर, प्लास्टिकच्या उलट्या बादलीवर बसून आहे.

मी हिरामण. एपीएमसी मार्केटात माझा बारदानाचा धंदा, म्हणजे कांद्याबटाट्याच्या रिकाम्या गोणी. गाडी मी पन्नाशीला घेतली, आणि ती कंपनीनं पंचविशीच्या पोरांसाठी बनवलेली. हँडल इतकं खाली आणि इतकं पुढे, की चालवताना मी मोटारसायकलवाला कमी आणि लादी पुसणारा जास्त दिसायचो. मार्केटातून घरी येऊन उतरलो की कंबर गाडीच्याच आकारात राहायची. शेजारची माझी चुलती राजाबाई ओट्यावरून विचारायची, "काय पडलं रं तुजं? काय शोधतंस खाली?"

शेवटी माझी बायको सगुणा वैतागली.

"इका ती गाडी. स्कूटर घ्या. लोकं मना इचारतान, म्हातारा कंदी झाला तुजा नवरा."

"गाडीत दोष नाय. हँडल बदलायचं हाय फक्त."

"मंग बदला. फुडच्या रविवारी उरनला माज्या भाच्याची हलद हाय. मी आत्या हाय त्याची. ह्याच गाडीवरशी मना न्या. माज्या भावाच्या मांडवान तुमी ताठ चालत शिरलाव, तर गाडी ठेवा. वाकडं शिरलाव, तर सोमवारी गाडी इकायची."

चारचाकीत बसलं की सगुणाला जुईनगरच्या पुढे उलटी होते, म्हणून मोटारसायकल. आणि सगुणा एकदा बोलली की बोलली. तिनं मागे 'ह्यो सोफा नको' म्हटलं आणि भंगारवाल्यानं तो उचलला, तेव्हा मी अजून त्यावर बसलेलो होतो.

जुईनगरला मिथुनचं गॅरेज आहे. त्यानं तीन हँडल काढून ठेवली. पहिलं शिंगांसारखं उंच. त्यावर बसून आरशात बघितलं तर मी पोळ्याचा बैल दिसत होतो. दुसरं एवढं रुंद, की आमच्या गल्लीत गाडी शिरली असती आणि हँडल बाहेर राहिलं असतं.

"हे घ्या दादा," मिथुन म्हणाला. "ॲडजस्टेबल. दोन्ही दांड्या वरखाली होतात, पुढेमागे होतात. ही छोटी एलन की, हिनं बोल्ट सैल करायचा, पाहिजे तिथं दांडी आणायची, परत आवळायचं."

"सगळ्यात बेस्ट कुठलं?"

"दादा, हँडल म्हणजे चप्पल. बेस्ट नसते, मापाची असते. बसा गाडीवर. डोळे बंद करा. हात पुढे करा, जोर लावू नका. कुठे आपोआप थांबतात बघू."

थांबले तिथं त्यानं दांड्या आणल्या. क्लचची वायर आणि ब्रेकचा पाइप लांब टाकला, म्हणजे दांडी कितीही वर नेली तरी ताण येणार नाही. आणि माझ्या मापावर पांढऱ्या पेंटची बारीक खूण केली. मी पाम बीच रोडनं बेलापूरपर्यंत जाऊन आलो. काय सांगू! बसलोय गाडीवर आणि वाटतंय झोपाळ्यावर. घरी आलो तो ताठ. राजाबाईनं विचारलंसुद्धा, "सापडलं का रं?"

इथं थांबलो असतो तर गोष्ट संपली होती. पण त्याच वेळी वरचे भाडेकरू बाजीराव खाली उतरले.

बाजीराव नांदेडकडचे. बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क. माणूस एवढा सरळ, की मला त्यांच्याकडे बघितलं की खाज सुटते.

"हिरामणराव, हे काय नवीन बसवलं म्हणायचं?"

चेहरा बघितला. हा भरपूर खपवून घेणार.

"मणक्याचं हँडल," मी आवाज खाली आणून म्हटलं. "हाडांच्या डॉक्टरानं दिलं. गाडी चालवायची पण गरज नाय. स्टँडवर लावायची, चप्पल काढून बसायचं, तोंड पारसिकच्या डोंगराकडे, दांड्या धरायच्या आणि श्वास ओढायचा. मान, खांदा, पाठ, काय असेल ते सुटतं."

"डोंगराकडंच का म्हणून?"

"तिकडून दाब येतो."

बाजीरावांनी मान डोलावली. मी घरात जाऊन सगुणाला सांगितलं आणि पोट धरून हसलो. ती हसली नाही. ती म्हणाली, "येक दिस तुमचं तोंड बांधून ठेवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर गाडीवर बाजीरावांची बायको वेणूबाई. अंगात गाऊन, खांद्यावर ओढणी, पाय उघडे, तोंड पारसिकच्या डोंगराकडे. बाजीराव शेजारी एलन की घेऊन उभे. ती एलन की मी गाडीच्या चावीलाच लटकवली होती आणि गाडीची चावी आमच्याकडे दाराच्या खिळ्यावर असते. ज्याला गरज तो नेतो. गावात भावकीची अशीच पद्धत, आणि भाडेकरू पहिल्या वर्षातच भावकीत जमा होतात.

"थोडं वर घ्या हो," वेणूबाई म्हणाल्या. "हां. आता लागलं बगा शिरेला."

"वहिनी, ते माझं माप आहे," मी ओरडलो.

"भाऊ, बोलायलाव कशाला? श्वास तुटला ना माझा."

वेणूबाईंचा उजवा हात दिवाळीपासून खांद्याच्या वर जात नव्हता. चार सकाळी त्या बसल्या. पाचव्या दिवशी त्यांनी फळीवरचा पोह्यांचा डबा स्वतः काढला आणि तो डबा हातात धरून सगळ्या आळीला दाखवत फिरल्या. मी त्यांना रस्त्यात अडवलं.

"वहिनी, ऐका. मी मस्करी केली होती. ते साधं हँडल आहे, गॅरेजमधलं."

त्या बाजीरावांकडे वळल्या. "बगितलं का? चांगली वस्तू सापडली की मानसं असंच लपवितेत."

त्यांची मुलगी संघमित्रा फिजिओथेरपी शिकते. मी धावत जाऊन तिला गाठलं. "बेटा, तू शिकलेली. आईला सांग ना, हे सगळं खोटं आहे."

तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली. "तसं खोटं नाय ना काका. हात सपोर्टवर, हळूहळू हाइट वाढवायची. आम्ही क्लिनिकला हेच करून घेतो. फक्त डोंगराचं लॉजिक मला नाय कळलं."

झालं! शिकलेल्या पोरीनं शिक्का मारला. शुक्रवारपर्यंत माझ्या दारात रांग. कोणाची मान, कोणाची पाठ, एकीची तर टाच. टाचेचा आणि हँडलचा काय संबंध, मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं जसं मीच आजारी आहे. नियमसुद्धा आपोआप वाढत होते. अमावास्येला बसायचं नाही, बसल्यावर तासभर ताक प्यायचं नाही. हे मी सांगितलेलंच नव्हतं! माझीच पुडी माझ्या डोळ्यांदेखत जाडी होत होती.

आणि प्रत्येक जण दांड्या स्वतःच्या मापाला फिरवायचा. मी संध्याकाळी मार्केटला निघायचो तेव्हा एक दांडी आकाशात, एक पाताळात. दोनदा मिथुनकडे जाऊन खुणेवर आणून घेतलं. तिसऱ्या वेळी तो पाना खाली ठेवून म्हणाला, "दादा, हे ॲडजस्टेबल आहे याचा अर्थ रोज करायचं असा नाय. बोल्टचा आटा जाईल. रविवारी सकाळी स्वतः खुणेवर लावा आणि कोणाला हात लावू देऊ नका."

रविवारी सकाळी मी चावी घेण्याआधी राजाबाई गाडीवर चढली होती. माझ्या चुलतीचं वय विचारायची गावात हिंमत नाही. उंची माझ्या छातीएवढी, आवाज एसटी स्टँडएवढा.

"अजून वर," ती बाजीरावांना सांगत होती. "अजून. झावली वढतानी कसा हात जातं, तसा जाव दे."

"काकी, उतर. मला उरणला जायचंय."

"हलद सांजची हाय. मना दुपारपावत बसू दे."

चुलतीला गाडीवरून उचलून खाली ठेवायचं, तर मला गाव सोडावं लागलं असतं. मी पायरीवर बसून राहिलो. ती जेवायला उतरली तेव्हा अडीच वाजले होते. मी धावत गाडीपाशी गेलो. दांड्या उभ्या, जसे मांडवाचे खांब. चावीला एलन की नाही.

"बाजीराव कुठे आहेत?"

"पनवेलला गेले की, भनीकडं," वेणूबाई वरून म्हणाल्या. "ती एलन की त्यांच्या शर्टाच्या खिशात हाय. हरवू नये म्हनून जपून ठिवलीय."

मी पांढरी खूण शोधली. खूणही नाही. आदल्या दिवशी बायकांनी हँडल लिंबू लावून घासलं होतं. "एवढी लोकं हात लावतेत," वेणूबाई म्हणाल्या, "स्वच्छता नको का?" मिथुनचं गॅरेज रविवारी बंद. शेजाऱ्यांकडचे पाने बघितले, एकही त्या बोल्टाला बसेना. सगुणा हिरवं पातळ नेसून, गळाभर सोनं घालून गेटमध्ये उभी.

"चला," ती म्हणाली. "आत्याबिगर हलद नाय लागत."

निघालो. राजाबाईच्या मापावर. दोन्ही हात डोक्याच्या वर, कोपरं कानांना लागलेली. वारा थेट बगलेतून शिरून शर्टाचा फुगा. पाम बीचला बाजूच्या रिक्षातली पोरं फोटो काढत होती. उलव्याच्या पुढे कंटेनरचे ट्रेलर सुरू झाले. एका ट्रेलरवाल्यानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चाचा, सरेंडर किसको कर रहे हो?"

"सांगा त्याला," सगुणा मागून म्हणाली, "माज्या भावाला."

उरण येईपर्यंत हातांतली जाणीव गेली. गाडी मांडवाबाहेर लावली, सगुणा उतरली, मी उतरलो आणि हात खाली घ्यायला गेलो. हात येईनात. खांदे तिथंच अडकलेले, गंजलेल्या शटरसारखे. पण कंबर? कंबर ताठ होती. दांड्या एवढ्या वर, की वाकायला जागाच मिळाली नव्हती.

सगुणा माझ्या पाठीकडे बघत होती. गाडीचा निकाल ह्याच चालण्यावर लागणार होता. मी विचार केला, हातांचं नंतर बघू. दोन्ही हात वर, छाती पुढे, ताठ चालत मांडवात शिरलो.

आणि बेंजोवाल्यानं मला बघितलं.

हळदीच्या मांडवात माणूस हात वर करून शिरला, तर त्याचा अर्थ एकच. त्यानं ठेका धरला. धवलारीण हळदीची गाणी गात होती ती थांबली. सगुणाचा भाऊ हौसेराव ओरडला, "भावजी आले नाचत!" आणि चाळीस-पन्नास माणसं माझ्याभोवती. हात खाली येत नाहीत म्हणून मी नाचतोय, आणि मी नाचतोय म्हणून कोणी हात खाली येऊ देत नाही. "सोडा रे, दुखतंय," मी म्हणत होतो. बेंजोपुढे कोणाला ऐकू जाणार? कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. नवरदेवाच्या आधी मला हळद लागली.

तासाभरानं कोपऱ्यात खुर्चीवर टाकलं तेव्हा सगुणा पाणी घेऊन आली. पहिल्यांदाच प्रेमानं बघत होती.

"नाय इकायची गाडी," ती म्हणाली. "ताठ शिरलाव. बोलले तसं केलाव."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, थोडं खांद्याचं.

पण मागे हौसेरावाची बायको वैजयंती उभी होती. "नणंदबाई," ती म्हणाली, "साखरपुड्याला ह्ये भावजी कंबर धरून बसलं होतं ना? आज तासभर नाचलं. औषद काय केलंव?"

मी सगुणाकडे बघून मान हलवली. नको, नको, नको. हात वर असल्यामुळे तेही तिला नाचच वाटलं असेल. ती अभिमानानं म्हणाली, "आमच्या घरी मनक्याचा हँडल हाय."

सोमवारी उरणहून टेम्पो भरून बायका आल्या.

गाडी विकलेली नाही. सगुणा शब्दाची पक्की. फक्त ती आता रस्त्यावर काढायची नाही, असं तिनं ठरवलंय. चालवली तर म्हणे गुण जातो. बाजीराव ऑफिसला जाण्याआधी एक तास एलन की घेऊन हजर असतात. मी मार्केटला बसनं जातो, आणि खांदे अजून पुरते खाली आलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक स्टॉपला कंडक्टरला वाटतं मला उतरायचंय.

म्हणून मी इथं बादलीवर बसलोय. आता वैजयंती बसलीय, मग वेणूबाई, मग राजाबाई, मग मी. आणि एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो, गावात बोलू नका. काल माझा नंबर लागला. चप्पल काढून बसलो, डोंगराकडे बघून श्वास ओढला, आणि आईशप्पत, डावा खांदा थोडा सुटला.