शून्य गोलांचा मानकरी

मर्व पेंगेलीने स्वतःच्याच सत्काराचा फलक पटाशीने उचकटून मैदानाबाहेर भिरकावला. असं काही घडलंच नाही, हे बुलानूक गावच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबच्या समितीने एकमताने ठरवलंय. तेव्हा आपणही सत्काराकडे वळू.

फलकावर लिहिलं होतं : ‘मर्व पेंगेली. बचावपटू. सोळा हंगाम. गोल : शून्य.’ मर्व त्या शून्यावर जगत होता. गोल मारणारा बचावपटू म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणारा, असं तो लग्नाकार्यातही सांगायचा.

क्लबच्या अध्यक्षा ग्लेनिसबाईंनी पडदा ओढला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेगडीवर सॉसेज परतणारी मर्वची बायको नॉरीन म्हणाली, “शून्य नाही, एक.”

“काय एक?”

“गोल. त्या धुक्यातल्या फायनलला. खांबांमागे गोल-पंच म्हणून झेंडे घेऊन मीच उभी होते की.”

“तोंड सांभाळ, नॉरीन!”

“शेवटच्या डावाला बाजू बदलल्या, आणि तू आपला संत्रं चोखत तिथंच उभा. चेंडू आला. आपलीच पोरं मागून धावली, तुला वाटलं शत्रू. त्यांनी गोल मारला तर सहा गुण, आपणच आपल्या खांबांतून चेंडू घालवला तर एकच; सहा जाण्यापेक्षा एक गेलेला बरा, म्हणून तूच चेंडू खांबांमधून लाथाडलास. पण खांब त्यांचे होते, बाबा! सहा आपल्याला मिळाले.”

“तो गोल आपल्या आघाडीच्या वॉरनचा होता!”

“वॉरनलाही तसंच वाटलं. खूश होता बिचारा, म्हटलं कशाला बोला?”

“आणि मला? मला सांगायला काय झालं होतं?”

“तू तेव्हा धुक्याला शिव्या देत होतास.”

मर्वचं टक्कल लाल झालं. “ग्लेनिस, तो गोल आत्ताच्या आत्ता रद्द कर!”

ग्लेनिसबाईंनी बोटांवर हिशेब केला. “आपण जिंकलो चारने. सहा काढले की हरलो दोनने. म्हणजे करंडक परत. मर्व, आपल्याकडे आहेच तो एक!”

“गेला खड्ड्यात करंडक!”

हे मात्र गावाला झोंबलं. “गोल मारून वर माज बघा!” कुणीतरी ओरडलं. वॉरन तर रडायलाच लागला. ग्लेनिसबाईंनी रंगाऱ्याला हाक मारली, “शून्य खोड, एक लिही. आणि ‘बचावपटू’च्या पुढे ‘व आघाडीवीर’ टाक.”

त्यानंतर पटाशीचं जे झालं, ते झालं नाही.

सोमवारी जिल्हा लीगच्या कचेरीत अर्ज दाखल झाला : ‘सदर गोल माझ्या नावावरून तात्काळ कमी करून धुक्याच्या नावे वर्ग करावा, करंडक क्लबकडेच ठेवावा, आणि माझ्या पत्नीस पूर्वलक्षी प्रभावाने दृष्टिहीन घोषित करावे, ही विनंती.’